स्प्लिटबोर्डची सुरुवात: पैसे आणि वेळ आधी कशात घालू?

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. स्नोबोर्ड बऱ्यापैकी येतो. गुलमर्गला गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून मोकळ्या बर्फात उतरता येतं, झाडांमधूनही वळणं जमतात. आता लिफ्टवर अवलंबून न राहता स्वतःच्या पायांनी चढून उतरायचं आहे, म्हणून स्प्लिटबोर्ड, म्हणजे चढताना दोन भाग सुटे करून स्कीसारखा वापरायचा आणि उतरताना जोडून एक करायचा बोर्ड. फेब्रुवारीत आठ दिवस गुलमर्ग नक्की आहे. सोबत दोन मित्र, तेही बोर्डरच. चढाईचा अनुभव तिघांनाही सह्याद्रीचा, बर्फावरचा नाही.

काही गोष्टी नीट कळत नाहीयेत. जुना बोर्ड मधोमध कापून स्प्लिट करता येतो म्हणतात, ते करावं का? नेहमीचे सॉफ्ट बूट चालतील का? बजेट मर्यादित आहे, तर आधी काय घ्यावं? इथे मुंबईत बसून कशाचा सराव होईल? आणि घर वन बीएचके, त्यात मुलुंडचा पावसाळा, तर हे सगळं ठेवायचं कसं?

पीरपंजाल
बोर्ड कापू नका. कापण्याचं किट मिळतं आणि सरळ पट्टी लावून गोलाकार करवतीने कापही नीट येतो, पण कापलेल्या आतल्या कडेला लोखंडी एज (बर्फ धरणारी कडेची पट्टी) नसते. तयार स्प्लिटबोर्डला चारही बाजूंनी एज असते आणि कडक बर्फावर आडवं चढताना पायाखाली टिकून राहायला तीच लागते. शिवाय उघडा पडलेला लाकडी गाभा इपॉक्सीने सील करावा लागतो. त्यात एक चीर राहिली तरी पाणी शिरतं, लाकूड फुगतं आणि दोन भाग एकमेकांना घट्ट बसेनासे होतात. तुमच्या बोर्डला बाइंडिंगसाठी (बूट बोर्डला अडकवणाऱ्या भागासाठी) मधोमध लांब चॅनेल असेल तर प्रश्नच मिटला, काप नेमका तिथूनच जातो.

लांबी नेहमीच्या बोर्डपेक्षा दोन ते चार सेंटीमीटर जास्त घ्या. पाठीवर सात-आठ किलोची सॅक असते आणि खाली मऊ बर्फ, नाक वर राहायला तेवढी लांबी लागते. बाइंडिंग मात्र स्प्लिटसाठीच बनवलेलं घ्या. नेहमीचं बाइंडिंग अडॅप्टर प्लेटवर बसवता येतं, पण वजन वाढतं, पाय बोर्डपासून उंच जातो आणि एजवरची पकड ढिली वाटते. स्प्लिटच्या बाइंडिंगमध्ये तळाची प्लेट थेट बोर्डवरच्या प्लास्टिकच्या पकांवर सरकून बसते. चढताना तीच प्लेट काढून पुढच्या ब्रॅकेटमध्ये अडकवायची, म्हणजे टाच मोकळी. पक बसवताना दोन पायांमधलं अंतर आणि कोन तुमच्या नेहमीच्या बोर्डवरून मोजून घ्या. डोंगरावर हे बदलत बसता येत नाही.

सॉफ्ट बूट चालतील, पण त्यातले कडक घ्या आणि तळवा खाचांचा, रबरी. मऊ बूट आडव्या चढात घोट्यापाशी दुमडतो, एज बर्फ धरत नाही आणि पाय खाली घसरतो. बुटांचा तळ गुळगुळीत असेल तर खडकावर किंवा गोठलेल्या वाटेवर दहा पावलंही नीट चालता येणार नाहीत.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा: आधी बीकन (गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-घेणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, तिघांचे तीन संच. मग अ‍ॅव्हलांचचा (हिमस्खलनाचा) कोर्स. मग स्किन्स (चढताना बोर्डच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या, एका बाजूला गोंद, दुसरीला केस) आणि बाइंडिंग. बोर्ड सगळ्यात शेवटी, तोही सेकंडहँड चालेल. सेकंडहँड बघताना दोन्ही भाग जोडून उजेडाकडे धरा. मधल्या फटीतून उजेड एकसारखा दिसला पाहिजे. एका टोकाला फट रुंद दिसली तर बोर्ड पिळलेला आहे किंवा दोन भाग जोडणारे हूक झिजलेत. हूक बदलता येतात, पिळलेला बोर्ड सोडून द्या. गुलमर्गला साधा स्नोबोर्ड भाड्याने सहज मिळतो. स्प्लिट मिळेलच असं धरून जाऊ नका, आधी फोन करा.

कर्जतचा_कडा
मुंबईतल्या सरावाबद्दल लिहितो, इथे होण्यासारखं बरंच आहे.

पहिलं काम पायांचं. स्प्लिटवर प्रत्येक पावलाला अर्धा बोर्ड, बाइंडिंग आणि बूट मिळून साडेतीन किलोच्या आसपास वजन पुढे सरकवावं लागतं. दुखतात मांडीचा वरचा भाग आणि कंबरेचा पुढचा स्नायू, पोटऱ्या त्या मानाने कमी. त्यामुळे नुसतं धावणं पुरत नाही. इमारतीचे जिने चढा, पाठीवर आठ ते दहा किलो घेऊन, आणि वेग असा ठेवा की सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. शनिवार-रविवारी कळसूबाई किंवा राजमाची एकाच लयीत, न थांबता. नवख्याला बर्फावर तासाला तीनशे मीटर उंची मिळवता आली तरी पुष्कळ झालं. पिंडऱ्या फुटेस्तोवर चढून वर पोचलात तर उतरताना पाय थरथरतात, आणि पडायची वेळ नेमकी तीच असते.

दुसरं काम हातांचं. बोर्ड हाती आला की हॉलमध्ये जुनी चादर अंथरा, जाड हातमोजे घाला आणि टूर मोडमधून (चढायला सुटा) राइड मोड (उतरायला जोडलेला), परत टूर मोड, असं करत राहा. उघड्या हातांनी केलेला सराव धरू नका. वर वाऱ्यात हातमोजे काढले की दोन मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. दहा मिनिटांत बिनचूक जमलं की पंख्याचा वेग पूर्ण करा आणि स्किन्स न फडकवता घडी घालून बघा. गोंद गोंदाला नको तिथे चिकटला की सोडवताना कळतं किती जोर लागतो ते.

तिसरं, बीकन. जुहूच्या वाळूत सकाळी लवकर जा. सुरू असलेला बीकन घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा प्लास्टिकच्या पिशवीत, आणि अर्धा मीटर खोल पुरा. पुरणारा वेगळा, शोधणारा वेगळा. शोधणाऱ्याने शेवटचे तीन मीटर बीकन वाळूला जवळजवळ टेकवून, दिशा न फिरवता, आधी पुढे-मागे आणि मग डावी-उजवीकडे न्यायचा. बीकनवरचा अंतराचा आकडा सर्वांत कमी येतो तिथून प्रोब सुरू: पृष्ठभागाला काटकोनात, पंचवीस सेंटीमीटरच्या अंतराने, गोलगोल बाहेर जात. फोन खिशात ठेवून एकदा आणि दूर ठेवून एकदा करा, आकडे कसे नाचतात ते दिसेल. बीकन सिग्नल पाठवत असताना फोन त्याच्यापासून किमान वीस सेंटीमीटर आणि शोधताना किमान पन्नास सेंटीमीटर लांब, हा नियम तेव्हा पटतो.

मुलुंडकर
दोघांचेही आभार. जुना बोर्ड कापायचा बेत रद्द. दोन गोष्टी अजून विचारतो. चढताना स्किन निघून येते असं वाचलं, ते का होतं? आणि वर पोचल्यावर बदल करताना नेमका क्रम काय?

हिमरेषा
स्किन निघते त्याची मुख्य कारणं तीन: गोंदावर बर्फाचे कण बसलेत, बेस (बोर्डचा तळ) ओला आहे, किंवा गोंद फार गार झालाय. तिन्हींची सुरुवात बहुतेक वेळा एकाच चुकीने होते. स्किन काढून बर्फावर ठेवली, वाऱ्याने उलटली, गोंदाची बाजू बर्फात गेली. म्हणून काढली की लगेच गोंद आत ठेवून घडी, आणि घडी जाकिटाच्या आत, पोटाशी. सॅकमध्ये टाकलीत तर पुढच्या चढाला ती चिकटणार नाही. लावण्याआधी बेस कोरड्या कापडाने आणि स्क्रेपरने साफ करा, नाकाकडून शेपटीकडे तळहाताने दाबत न्या. तरीही शेपटीकडून सुटायला लागली तर बोर्डच्या अर्ध्याभोवती रबरी पट्टा आवळा. पन्नास सेंटीमीटरचे दोन पट्टे कायम सोबत हवेत.

अजून एक कारण लोक विसरतात. बेसवर ताजं, नीट न खरवडलेलं वॅक्स असेल तर ते गोंदात उतरतं आणि गोंद मरतो. वॅक्स केल्यावर खरवडा, मग ब्रश मारा, आणि मगच स्किन लावा.

उलटा त्रासही होतो: स्किनच्या केसांवर बर्फाचे गोळे जमतात आणि प्रत्येक पाऊल जड होतं. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या कोरड्या बर्फात गेलं की केसांतलं पाणी गोठतं, त्यावर बर्फ धरतो. दुसऱ्या अर्ध्याच्या एजने खरवडा आणि स्किनचं वॅक्स केसांच्या दिशेने घासा. सकाळी निघण्याआधीच घासलंत तर बहुतेक दिवस हा त्रास होत नाही. स्किन कापताना दोन्ही बाजूंना लोखंडी एज पूर्ण उघडी राहिली पाहिजे, प्रत्येकी दोनेक मिलिमीटर. एज झाकली गेली तर आडव्या चढात काही खरं नाही. पहिली स्किन नायलॉनची किंवा मिश्र घ्या. निव्वळ मोहेर (शेळीच्या केसांची) हलकी असते आणि छान सरकते, पण चढावर धरते कमी, नवख्याचा पाय मागे सटकतो.

चढताना पाय उचलू नका, सरकवा. टाचेवर वजन ठेवलं की स्किन पूर्ण टेकते आणि धरते. पुढे वाकून काठ्यांवर भार टाकला की घसरते. टाचेखालचा रायझर उंच लावला की सोपं वाटतं, पण त्याच्या भरवशावर सरळ चढ घेतला तर घसरणं वाढतं. दहा-बारा अंशांची तिरकी वाट काढा आणि वळणावर किक टर्न (एकेक पाय उचलून उलट्या दिशेला फिरवणं). स्प्लिटचं नाक स्कीपेक्षा रुंद आणि जड असतं, त्यामुळे वरचा पाय वळवून ठेवल्यावर खालच्या पायाच्या टाचेने हलका झटका द्यायचा, नाक आपोआप वर येतं आणि बुटाला न अडकता फिरतं. हा झटका जमेपर्यंत वीस अंशांपेक्षा कमी उतारावरच सराव करा. कडक बर्फ असेल तर क्रॅम्पॉन (पायाखाली बसवायचे धातूचे दाते) पाय घसरायच्या आधी लावा, उतारावर उभं राहून लावणं फार अवघड.

आता वरचा क्रम. बर्फ तुडवून सपाट जागा करा, आधी जाड जाकीट अंगात घाला आणि मगच कामाला लागा. एका वेळी एकच पाय मोकळा करा. मोकळा झालेला अर्धा लगेच बर्फात खोल, उभा रोवा. त्याला स्कीसारखा ब्रेक नसतो; निसटला तर थेट नाल्यात जातो आणि उरलेल्या अर्ध्यावर तुम्हाला खाली येता येत नाही. स्किन्स काढा, घडी करा, जाकिटात घाला. मग पक, हूक आणि दोन्ही आतल्या एजवरचा बर्फ प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा. इथे घाई झाली की पुढचं सगळं अडतं, कारण हुकाखाली बर्फाचा पातळ पापुद्रा राहिला तरी क्लिप बंद होत नाही आणि माणूस जोर लावून ती मोडून बसतो. दोन्ही भाग किंचित कोनात धरून हूक अडकवा, गुडघ्याने दाबून सपाट करा, क्लिप फिरवा. बाइंडिंग पकवर सरकवा, खटका पूर्ण बसला का ते हाताने ओढून बघा. हायबॅक (बाइंडिंगचा पोटरीमागचा आधार) चढाईच्या सरळ स्थितीतून परत पुढे झुकवा, बुटांच्या नाड्या आवळा, काठ्या घडी करून सॅकला. उतरायच्या आधी तिघांनी एकमेकांच्या क्लिप आणि बीकन तपासायचे.

दुरुस्तीच्या पाकिटात तीन नंबरचा पोझीड्राइव्ह, बोर्डच्या इन्सर्टचे एम-६ स्क्रू, बाइंडिंगची एक जादा पिन, थोडी तार, आणि काठीला गुंडाळलेली डक्ट टेप. पिन हरवली तर चढणंच बंद होतं, म्हणून ती आधी.

पीरपंजाल
हिमरेषाताईंनी छान लिहिलंय. त्याला जोडून हिमस्खलनाबद्दल सांगतो, कारण गोंडोला सोडली की तुमच्या वाटेची काळजी घेणारं दुसरं कुणी नसतं.

बहुतेक स्लॅब हिमस्खलनं (बर्फाचा अख्खा थर एकदम सुटतो ती) ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि बोर्डवर मजाही याच उतारांवर येते. म्हणून डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. काठी उताराच्या दिशेने, वरून खाली, बर्फावर टेकवून तिच्यावर फोनचं कोन मोजायचं अ‍ॅप लावा. या फेरीत स्वतः २५ अंशांखाली राहा आणि डोक्यावरही त्याहून तीव्र उतार नको. तुम्ही सपाटीवर असाल, पण वरचा नाला सुटला तर तो सपाटीपर्यंत येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या हापतखुड बाजूला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गकडे एक रशियन. गोंडोलापासून दूर नसलेल्या या जागा आहेत.

काश्मीरच्या हंगामाचा कल समजून घ्या. चिल्ले कलान, म्हणजे तिथला कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होऊन चाळीस दिवस चालतो. त्यात बर्फ थोडा पडून मधे कोरडी थंडी राहिली की तळाच्या थराचे साखरेसारखे सुटे दाणे होतात, ते एकमेकांना धरत नाहीत. मग पश्चिमी विक्षोभाने एकदम मोठा बर्फ टाकला की वरचा जड थर त्या दाण्यांवरून सुटतो. जानेवारी २०२४ गुलमर्गला जवळपास कोरडा गेला होता, मोठा बर्फ उशिरा आला. तुम्ही फेब्रुवारीत जाताय, म्हणून डिसेंबर-जानेवारीत किती बर्फ पडला आणि मधे किती दिवस कोरडे गेले, याची नोंद आतापासून ठेवा. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन रोज बघा. ते मोठ्या भागासाठी असतं, तुमच्या समोरच्या उताराबद्दल सांगत नाही. गुलमर्गच्या स्की पेट्रोलशी रोज सकाळी बोला.

चोवीस तासांत ३० सेंटीमीटरच्या वर बर्फ, जोराचा वारा, पायाखाली 'धुप्प' असा दबका आवाज, पायापासून पळत जाणारी भेग, समोरच्या उतारावर ताजं स्खलन: यांतलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी झाडीतला सौम्य उतार. संशयाची जागा एकेकट्याने ओलांडायची, बाकीचे सुरक्षित ठिकाणी थांबून नजर ठेवतील.

गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तरच आशा मोठी असते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. म्हणजे तुमच्या जिवाची हमी तुमच्या दोन मित्रांच्या सरावावर आहे. तिघांपैकी एकाने जरी जुहूचा सराव टाळला तर त्याला घेऊन वर जाऊ नका. फावडं धातूचंच हवं, प्रोब किमान २४० सेंटीमीटर. खणायला प्रोबच्या बाजूला नाही, उताराच्या खालच्या बाजूने सुरुवात करायची, गाडलेल्या खोलीच्या दीडपट अंतरावरून.

सोनमर्ग_ते_सायन
प्रवास आणि तिथलं राहणं, थोडक्यात.

मुंबईहून श्रीनगर थेट विमान आहे, विमानतळापासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. टंगमर्गच्या पुढे बर्फात चाकांना चेन किंवा फोर बाय फोर लागते. समुद्रसपाटीवरून त्याच दिवशी २,६५० मीटरवर झोपायचं, म्हणून पहिला दिवस गावातच हिंडा. गोंडोलाचं वरचं टोक ३,९०० मीटरच्या पुढे आहे, पहिल्या दिवशी तिथे जाऊ नका. डोकं दुखून उलटी आली तर खाली उतरणं हाच उपाय. गोळ्यांचं डॉक्टरांशी मुंबईतच बोलून घ्या.

प्रीपेड सिम तिथे चालणार नाही, पोस्टपेड हवं. परदेशी साइटवर सॅटेलाइट मेसेंजर घ्या असा सल्ला दिसेल. भारतात परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच पकडलं जातं.

बूट आणि स्किन्स रात्री बुखारीपासून (खोलीतल्या शेगडीपासून) लांब टांगा. जवळ ठेवल्या की गोंद वितळून कापडात उतरतो. बुटांचे लायनर (आतले मऊ बूट) मात्र बाहेर काढून वाळवायलाच हवेत. ओले राहिले तर सकाळी पाय आत जात नाही. नळीच्या पाणपिशवीतलं पाणी नळीत गोठतं, साधी बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. जाड जाकीट घालून चढायला लागलात तर वीस मिनिटांत घाम, आणि वर थांबल्यावर तोच घाम गार.

मुलुंडकर
तिघांचे संच आणि कोर्स आधी, हे मित्रांना पटवलं. आता फक्त ठेवण्याचं राहिलं. माळ्यावर जागा आहे, चालेल?

कर्जतचा_कडा
माळा नको. स्लॅबखाली मे महिन्यात तापतो आणि स्किनचा गोंद पातळ होऊन पसरतो. स्किन्स घडी करून नको, मधे जाळी किंवा सोबत आलेला कागद लावून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट हवाबंद पिशवीत, घरातल्या सगळ्यात गार कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पुड्या जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये बदला.

स्प्लिटला एज दुप्पट, म्हणजे गंजही दुप्पट, आणि आतली एज जोडलेल्या अवस्थेत दिसतच नाही. हंगाम संपला की दोन्ही भाग वेगळे करा, पुसा, पंख्याखाली दिवसभर वाळवा. बेसवर आणि चारही एजवर वॅक्सचा जाड थर द्या आणि तो न खरवडता तसाच ठेवा. क्लिप आणि स्क्रू सैल, दोन्ही भाग वेगवेगळ्या सुती चादरीत, पलंगाखाली आडवे. बंद बोर्ड बॅगेत ठेवू नका, आत ओल धरते. जुलैत एकदा काढून आतली एज बघा. तांबूस ठिपके दिसले तर बारीक पॉलिश पेपरने घासा आणि परत वॅक्स लावा. बीकनमधल्या बॅटऱ्या परत आल्या दिवशीच काढा, अल्कलाइन सेल पावसाळ्यात गळतात आणि पत्रे हिरवे पडतात. नव्या बॅटऱ्या फेब्रुवारीच्या आदल्या आठवड्यात, रिचार्जेबल नको, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारच्याच.

विमानात नेताना दोन्ही भाग वेगळे करून मधे जाकीट घाला, हूक कापडाने गुंडाळा. क्रीडासाहित्य म्हणून विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.